वारशाने आलेली टपाल तिकिटे: संग्राहक नसलेल्याने मोल कसे जोखावे

वडिलांच्या, काकांच्या किंवा आजोबांच्या माघारी घर आवरताना टपाल तिकिटांचे दोन-तीन अल्बम हाती लागणे ही कोकणात फारशी नवलाची गोष्ट नाही. इथल्या घरांतली माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत गेली, बोटींवर खलाशी म्हणून गेली, पलटणीत भरती झाली, आफ्रिकेत आणि आखातात गेली, आणि तिथून त्यांनी घरी पत्रे धाडली. त्या पत्रांवरची तिकिटे घरातले कोणी ना कोणी जमवत राहिले. आता तो अल्बम ज्याच्या वाट्याला येतो त्याला तिकिटांची गोडी असतेच असे नाही. हे ठेवावे, विकावे की एखाद्या हौशी मुलाला देऊन टाकावे, एवढेच त्याला ठरवायचे असते. हा लेख त्याच्यासाठी आहे. लेख वाचून कोणी जाणकार होणार नाही, परंतु जाणकाराकडे काय न्यायचे आणि कशासाठी खेप घालण्याचे कारण नाही, इतके नक्की कळेल.

आधी अपेक्षा जागेवर आणलेली बरी. शाळकरी वयात, मित्रांशी अदलाबदल करून आणि दुकानातून मिळणाऱ्या मिश्र पुड्या विकत घेऊन जमवलेल्या बहुतेक संग्रहांना बाजारात थोडीच किंमत येते, मग त्यात तिकिटे हजारांनी का असेनात. मोल जेव्हा खरोखर असते, तेव्हाही ते पुष्कळदा अल्बममध्ये नसते. ते माळ्यावरच्या ट्रंकेत, सुतळीने बांधलेल्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात पडलेले असते, आणि घर रिकामे करताना रद्दीत पहिला जातो तो नेमका हाच गठ्ठा. म्हणून पुढची सगळी कामे उरकेपर्यंत घरातला टपालाशी संबंध असलेला कुठलाही कागद टाकू नये.

हात लावण्यापूर्वी

हे काम पावसाळ्यात काढू नये. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यावरची हवा इतकी ओलसर असते की तिकिटांच्या पाठीवरचा डिंक नरम पडतो आणि पान उलटताना तिकीट समोरच्या पानाला चिकटते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की टेबल पुसून, हात धुऊन आणि चांगले वाळवून बसावे. पंखा बंद ठेवावा. तिकीट बोटांनी उचलू नये. त्यासाठी सपाट, गुळगुळीत टोकांचा खास चिमटा मिळतो आणि तो महाग नसतो. भुवया कोरण्याचा टोकदार चिमटा मात्र वापरू नये, कारण त्याने कागदाला भोक पडते. जोडीला दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड असला की पहिल्या टप्प्याची सामग्री पूर्ण झाली.

पहिले काम छायाचित्रांचे. प्रत्येक अल्बमचे प्रत्येक पान मोबाइलवर सरळ वरून टिपावे. पानाच्या कडेला वडिलांच्या हाताने काही लिहिलेले असेल, पानांत एखादी पावती, यादी किंवा विक्रेत्याचे छापील पाकीट खोचलेले असेल, तर तेही टिपावे आणि जिथे होते तिथेच राहू द्यावे. संग्रह करणाऱ्याने कुठल्या तिकिटासाठी किती पैसे मोजले याची एक जुनी पावती पुढच्या जाणकाराचे अर्धे काम वाचवते. वारस एकाहून अधिक असतील तर ही छायाचित्रे सगळ्यांकडे पाठवून मगच पुढे जावे. भावंडांत पाने वाटून घेण्याची घाई तर अजिबात करू नये, कारण एका संचातली चार तिकिटे चार घरांत गेली की तो संच मोडला आणि त्याची किंमतही मोडली.

काय करू नये याची यादी खरे तर याहून लांब आहे, आणि संग्रहांचे अधिक नुकसान वाळवीपेक्षा आवरासावर करणाऱ्या हातांनीच होते असे माझे मत आहे. पाकिटावरचे तिकीट कापू नये आणि पाण्यात भिजवून सोडवूही नये. पानाला चिकटलेले तिकीट वाफ देऊन किंवा सुरीने उचकटू नये. सेलोटेप लावू नये, कारण तिचा डाग पुढे निघत नाही. डाग पडलेले तिकीट पुसू नये. लॅमिनेशन तर कधीही करू नये. लॅमिनेट केलेले तिकीट बाजाराच्या दृष्टीने संपले.

आधी पत्रे, मग अल्बम

आता सगळ्या सामग्रीचे तीन भाग करावेत. एकीकडे अल्बम, दुसरीकडे पुड्यांतली सुटी तिकिटे आणि तिसरीकडे अखंड पाकिटे, पोस्टकार्डे, आंतरदेशीय पत्रे आणि मनीऑर्डरच्या पावत्या. साहजिकच माणूस अल्बमकडे वळतो. मी मात्र तिसऱ्या ढिगापासून सुरुवात करायला सांगेन.

त्याचे कारण असे की सुटे तिकीट फक्त स्वतःपुरते बोलते, पण टपालाने खरोखर प्रवास केलेले पाकीट तो प्रवास दाखवते. कल्पना करा की सहाव्या जॉर्जचा मुखवटा असलेले भारताचे तिकीट आहे, त्यावर काळ्या शाईत इंग्रजीत ‘बहरीन’ असे वरून छापलेले आहे, आणि पाकिटावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाचा पत्ता आहे. समोर टाकणाऱ्या कचेरीचा गोल शिक्का आहे. डाव्या कडेला, युद्धकाळात पत्र तपासनिसाने उघडल्याची इंग्रजी मजकुराची कागदी पट्टी आहे. पाकीट उलटे केले तर मुंबईचा शिक्का दिसतो, आणि त्याच्या शेजारी तालुक्याच्या किंवा गावच्या छोट्या डाकघराचा, पोहोचल्याची तारीख असलेला शिक्का. यातले तिकीट कापून अल्बमात लावले की हातात उरते एक किरकोळ तिकीट. अखंड पाकीट मात्र टपालाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना हवे असते, आणि ते त्यासाठी वेगळी किंमत मोजतात.

कोकणातल्या घरांत अशी पाकिटे सापडण्याची शक्यता इतर भागांपेक्षा अधिक आहे. आखातातल्या अनेक ठिकाणचा टपाल कारभार दीर्घकाळ भारतीय टपाल खात्याकडे होता, त्यामुळे कुवेतसाठी १९२३ पासून आणि बहरीनसाठी १९३३ पासून भारतीय तिकिटांवर त्या नावांची अधिछपाई होत असे. दुबईत तर साधी भारतीय तिकिटेच चालत. १ एप्रिल १९४८ पासून हा कारभार ब्रिटिश टपाल खात्याकडे गेला, आणि मग ब्रिटनच्या तिकिटांवर आणे आणि रुपये छापून ती तिथे वापरली गेली. ब्रिटनच्या राजाचे तिकीट आणि त्यावर ‘आणे’ असा जोड दिसला तर तो खोटा समजून बाजूला टाकू नये. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या पत्रांचेही असेच आहे; झांजिबारनेही १८९५ च्या सुमारास भारतीय तिकिटांवर स्वतःचे नाव छापून ती वापरली.

पलटणीत गेलेल्यांच्या घरी पहिल्या महायुद्धातली तिकिटे मिळू शकतात. त्यांवर ‘आय. ई. एफ.’ ही तीन इंग्रजी अक्षरे असतात, म्हणजे परदेशी पाठवलेल्या भारतीय सैन्यासाठीची तिकिटे. अशा पत्रांवर गावाच्या नावाऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून पत्र कुठून निघाले हे अभ्यासक शोधून काढतात. सिंधुदुर्गात, विशेषतः सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याच्या बाजूला, पोर्तुगीज गोव्यातून आलेली पत्रे हा आणखी एक वेगळा गठ्ठा असतो. त्यांवर ‘इंडिया पोर्तुगेझा’ किंवा ‘एस्तादो दा इंडिया’ असे लिहिलेले असते, मूल्य रेईस, टांगा किंवा रुपयांत आणि शेवटच्या काही वर्षांत एस्कुदोत असते, आणि ही मालिका डिसेंबर १९६१ मध्ये संपते. १८७१ पासूनच्या त्यांच्या पहिल्या साध्या अंकचित्रांच्या तिकिटांत पुष्कळ पोटभेद आहेत आणि नकलाही आहेत, तेव्हा ती वेगळी काढून जाणकारालाच दाखवावीत.

जुन्या शिक्क्यांवर गावांची नावे आजच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे नसतात. वेंगुर्ल्याचे ‘विंगोर्ला’ आणि रत्नागिरीचे ‘रत्नागेरी’सारखे काहीतरी दिसले तर ते जुनेपणाचे चिन्ह समजावे. शिक्का स्पष्ट असेल, त्यावर तारीख वाचता येत असेल आणि गाव लहान असेल, तर एरवी कवडीमोल असलेल्या अर्ध्या आण्याच्या पोस्टकार्डालाही गिऱ्हाईक मिळते.

याच ट्रंकेत खोतीच्या पावत्या, कोर्टाचे कागद आणि गहाणखतेही असतात, आणि त्यांवरही राजाचा मुखवटा असलेली तिकिटे दिसतात. ती बहुधा रसीद तिकिटे किंवा कोर्ट फीची तिकिटे असतात. सातव्या एडवर्डच्या काळात १९०६ साली अर्ध्या आणि एक आण्याची तिकिटे टपाल आणि महसूल या दोन्ही कामांसाठी एकच झाली, म्हणून पावतीवर टपालाचेही तिकीट सापडते. त्यावर पोस्टाच्या शिक्क्याऐवजी शाईने केलेली आडवी सही असते, आणि अशा तिकिटाला टपाल संग्राहक कमी मोल देतात. महसुली कागदांचे वेगळे संग्राहक आहेत, तेव्हा कागद फाडून तिकीट सोडवण्यात काहीच लाभ नाही. शिवाय खोतीचा कागद जमिनीच्या कामी लागू शकतो, ही बाब तिकिटाहून मोठी आहे.

अल्बमाची काळानुसार वाटणी

अल्बममधली परदेशी तिकिटे तूर्त बाजूला ठेवून भारतीय तिकिटे काळानुसार लावावीत. यासाठी कॅटलॉगची गरज नाही, कारण मूल्य कोणत्या चलनात आहे एवढे पाहिले तरी निम्मे काम होते. कोकणातल्या अल्बमांत हमखास सापडणारी तीन तिकिटे घ्या. लोकमान्य टिळकांचे १९५६ चे तिकीट २ आण्यांचे आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे १९५८ चे तिकीट १५ नये पैशांचे आहे. मूळ आंबडव्याच्या घराण्यातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे १९६६ चे तिकीट १५ पैशांचे आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान चलन आले तेव्हा आणे गेले आणि नये पैसे आले, आणि १९६४ साली ‘नये’ हा शब्द गळला. म्हणजे आणे दिसले तर तिकीट १९५७ च्या आधीचे, नये पैसे दिसले तर मधल्या सात वर्षांतले, नुसते पैसे दिसले तर त्यानंतरचे. रुपये मात्र तिन्ही काळांतल्या तिकिटांवर असतात, तेव्हा त्यांवरून काळ ठरवू नये. ‘भारत’ हे देवनागरी नाव इंग्रजी नावाच्या जोडीने नियमाने येऊ लागले ते १९६२ च्या अखेरीपासून.

कर्व्यांच्या तिकिटाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शंभराव्या वर्षी, ते हयात असताना, ते निघाले. भारतीय टपाल तिकिटावर आलेली ती पहिली हयात भारतीय व्यक्ती. दापोली, मुरूडच्या बाजूला हे तिकीट लोक अभिमानाने जपतात, आणि जपावेच. पण ते मोठ्या संख्येने छापले गेले होते, त्यामुळे बाजारात ते स्वस्त आहे. महत्त्व आणि किंमत यांची गल्लत या व्यवहारात फार वेळा होते.

ब्रिटिश काळातल्या तिकिटांची वाटणी मुखवट्यावरून होते. राणी व्हिक्टोरिया, १९०२ पासून सातवा एडवर्ड, १९११ पासून दाढी आणि मुकुट असलेला पाचवा जॉर्ज, १९३७ पासून बिनदाढीचा सहावा जॉर्ज. यांतली अर्धा आणा, एक आणा, दोन आणे अशी छोटी मूल्ये कोट्यवधींनी वापरली गेली आणि तितकीच सापडतात. त्यांवरची ‘ऑन एच. एम. एस.’ किंवा ‘सर्व्हिस’ ही अधिछपाई सरकारी टपालासाठी होती, आणि तीही सर्वसाधारण आहे. लक्ष द्यावे ते पाच रुपये आणि त्याहून वरच्या मूल्यांकडे, आणि व्हिक्टोरियाच्या ज्या तिकिटांना कडेची छिद्रे मुळीच नाहीत त्यांच्याकडे. १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या देशासाठी निघालेली पहिली तिकिटे कलकत्त्यात शिळाछापाने छापली होती आणि ती कात्रीने कापूनच वेगळी करावी लागत. कापणाऱ्याने चारही बाजूंना पांढरी कड राखली असेल तर तिकिटाचे मोल टिकते. चार आण्यांचे लाल-निळे तिकीट बहुधा अष्टकोनी कापलेले मिळते, आणि चौकोनी मिळाले तर ते अधिक चांगले. त्याच्याही आधी, १८५२ साली, सिंध प्रांतापुरते निघालेले ‘सिंध डाक’ तिकीट घरच्या अल्बमात निघाले तर ती नक्कल आहे असेच धरून चालावे.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला काळ अधिक कामाचा आहे, कारण या काळातली तिकिटे आपल्या आजोबांनी स्वतः पोस्टातून घेतलेली असू शकतात. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी साडेतीन आण्यांचे राष्ट्रध्वजाचे आणि ‘जय हिंद’ लिहिलेले तिकीट आले. १५ डिसेंबरला दीड आण्याचे अशोकस्तंभाचे आणि बारा आण्यांचे विमानाचे आले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटे निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ही चार तिकिटे स्वित्झर्लंडमध्ये छापून घेतली होती. यांतले दहा रुपयांचे तिकीट त्या काळी सामान्य माणसाला परवडणारे नव्हते, म्हणून कमी विकले गेले, आणि आज कोऱ्या स्थितीत ते हजारांच्या घरात जाते. त्यामुळेच त्याच्या नकला सगळ्यांत जास्त आहेत. अस्सल तिकिटाचे दाते ११½ मापाचे असतात, म्हणजे दोन सेंटीमीटर लांबीत साडेअकरा छिद्रे. हे मोजण्याची छापील पट्टी मिळते. भिंगाखाली अस्सल तिकिटाची छपाई बारीक, एकसारख्या कणांची दिसते, आणि नकलेत रंगीत ठिपक्यांची फुले उमटलेली दिसतात, जशी मासिकाच्या चित्रात दिसतात. याच तिकिटावर ‘सर्व्हिस’ अशी अधिछपाई केलेल्या फक्त १०० प्रती गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी काढल्या होत्या, आणि २०१७ साली त्यांतल्या चार तिकिटांची सलग पट्टी इंग्लंडमध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. ही बातमी वाचून आपला अल्बम उघडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तशी अधिछपाई आपल्याकडे निघाली, तर आनंद करण्यापूर्वी ती खोटी आहे असे गृहीत धरून तपासणीला द्यावी.

१९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत नऊ पैंच्या तिकिटावर घारापुरीची त्रिमूर्ती आहे, आणि ते प्रत्येक अल्बमात असतेच. या मालिकेत एक आण्याच्या बोधिसत्त्वाची मूर्ती आधी आरशातल्यासारखी उलटी छापली गेली आणि १९५० मध्ये ती चूक सुधारली. दोन्ही रूपे मिळतात, तेव्हा ‘छपाईतली चूक म्हणजे लाखो रुपये’ हा समज इथे लागू पडत नाही. मालिकेतली दहा आणि पंधरा रुपयांची मोठी तिकिटे कोरी असतील तर मात्र ती वेगळी काढावीत.

१९७० नंतरची स्मारक तिकिटे लाखांच्या संख्येने छापली गेली. त्या काळातली प्रथम दिवस आवरणे, म्हणजे फर्स्ट डे कव्हर, अनेक घरांत पेट्या भरून असतात, आणि विकायला गेल्यास मूळ खर्चही निघत नाही. ती ठेवायची असतील तर आवडीसाठी ठेवावीत.

परदेशी तिकिटांचा भूलभुलैया

अल्बमातली सगळ्यांत देखणी पाने बहुधा इथे असतात. त्रिकोणी तिकिटे, अंतराळवीर, फुलपाखरे, युरोपातल्या चित्रकारांची चित्रे, आणि खाली शारजा, अजमान, फुजैरा, रस-अल-खैमा, उम्म-अल-क्वैन अशी नावे. आखाताशी नाते असलेल्या घरांत यांबद्दल साहजिक कौतुक असते. पण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७० च्या सुरुवातीला ही तिकिटे मुख्यतः संग्राहकांना विकण्यासाठीच प्रचंड प्रमाणात काढली गेली. कोपऱ्यात सुबक बसवलेला छापील शिक्का आणि पाठीवर शाबूत डिंक असे दोन्ही एकत्र दिसले की ते तिकीट कधी पत्रावर लागलेच नव्हते हे समजावे. पूर्व युरोपातल्या तेव्हाच्या समाजवादी देशांनीही असेच केले. मुलांना शिकवायला आणि चित्रे पाहायला ही पाने उत्तम, किंमत लावायला नव्हेत. परदेशी भागात थांबून पाहावे ते १९०० पूर्वीच्या तिकिटांपाशी, जुन्या चीनपाशी आणि ब्रिटिश वसाहतींच्या वरच्या मूल्यांपाशी.

तिकिटाची तब्येत

वेगळ्या काढलेल्या तिकिटांची आता एकेक करून तपासणी करावी. तिकीट चिमट्याने उचलून आधी समोरून पाहावे. चित्र चौकटीत मध्यभागी आहे का, चारही बाजूंचे सर्व दाते आहेत का, कोपरा दुमडलेला किंवा तुटलेला नाही ना. मग तिकीट उलटे करावे, आणि खरी माहिती इथे मिळते. पाठ चकचकीत आणि अखंड असेल तर डिंक मूळचा आणि अस्पर्श आहे. मध्ये फिकट चौकोनी खूण किंवा कागदाचा पातळ तुकडा असेल तर तिथे अल्बमला लावण्यासाठी हिंज चिकटवलेला होता. जुन्या काळी सगळेच हिंज लावत, त्यात गैर काही नाही, पण बाजार अस्पर्श डिंकाला कितीतरी अधिक मोजतो. तिकीट उजेडासमोर धरून पाहावे. एखादा भाग जास्त उजळ दिसला तर तिथे कागदाचा थर निघालेला आहे, आणि हा दोष समोरून कधीच दिसत नाही. याच वेळी कागदात पाणचिन्ह, म्हणजे वॉटरमार्क, दिसते. १९५७ ची नकाशाची तिकिटे अनेक तारे असलेल्या कागदावर छापली आणि १९५८ पासून तीच तिकिटे अशोकस्तंभाच्या पाणचिन्हाच्या कागदावर. चित्र तेच असले तरी कॅटलॉग त्यांना दोन वेगळी तिकिटे धरतो.

कोकणातल्या संग्रहाचा मोठा शत्रू तांबेरा आहे. दात्यांच्या टोकांवर आणि डिंकावर तपकिरी ठिपके पडतात, ते बुरशीचे असतात, आणि शेजारच्या पानावर पसरतात. मुंबईचा किंवा पुण्याचा विक्रेता कोकणातला अल्बम म्हटल्यावर आधी हेच शोधतो. ठिपके असलेली तिकिटे ताबडतोब वेगळ्या पाकिटात ठेवावीत. ब्लीचचा किंवा घरगुती औषधाचा प्रयोग करू नये, कारण डाग गेला तरी रंग आणि डिंकही जातो आणि जाणकाराला तो प्रयोग अतिनील दिव्याखाली लगेच दिसतो. कसरीने खाल्लेले दाते आणि वाळवीने पोखरलेली पाने भरून येत नाहीत. तशी तिकिटे, फार दुर्मीळ नसतील तर, हिशेबातून वगळावीत.

कॅटलॉग आणि बाजार

आता हाती दहा-वीस तिकिटे आणि एक पत्रांचा गठ्ठा उरलेला असेल. भारतीय तिकिटांसाठी इंग्लंडच्या स्टॅनली गिबन्सचा कॅटलॉग सर्वमान्य आहे, आणि अमेरिकी पद्धतीचा स्कॉट हाही वापरतात. ‘एस. जी.’ आणि पुढे एक क्रमांक असे अल्बमच्या पानावर लिहिलेले दिसले तर तो गिबन्सचा क्रमांक आहे, आणि संग्रह करणारा माणूस गंभीर होता याची ती खूण आहे. कॅटलॉगमधली किंमत हा विक्रीचा भाव नव्हे. ती निर्दोष तिकिटाची, दुकानातून घेताना लागणारी किंमत असते, आणि सर्वांत कमी किमतीत तिकिटापेक्षा ते शोधून देण्याचे कष्टच मोजलेले असतात. आपण विकायला गेलो की त्याचा काही अंशच हाती येतो. विक्रेता फसवतोच आहे असे त्यावरून समजू नये. त्याला ते तिकीट कदाचित वर्षानुवर्षे सांभाळावे लागते.

इंटरनेटवर पाहायचेच असेल तर मागितलेली किंमत पाहू नये, झालेल्या विक्रीची किंमत पाहावी. मागायला कोणीही एक लाख मागू शकतो. ‘जुने तिकीट, जुने नाणे द्या, लाखो मिळवा’ असे संदेश येतात आणि त्यासाठी आधी नोंदणी शुल्क मागितले जाते, ती सरळ फसवणूक आहे. जुन्या नोटा आणि नाण्यांच्या नावाने चालणाऱ्या अशा प्रकारांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ साली लोकांना सावध केले होते.

टपाल खाते जुने संग्रह विकत घेत नाही. मुंबईच्या जीपीओतल्या फिलाटेली ब्यूरोत आणि मोठ्या डाकघरांच्या फिलाटेली काउंटरवर नवी तिकिटे मिळतात. जुन्यांचे मूल्यमापन हे त्यांचे काम नाही. तरीही तिथे जाण्याचा एक उपयोग आहे, कारण नेमाने येणारे संग्राहक तिथे भेटतात, आणि प्रदर्शनांच्या तारखा तिथेच कळतात. ‘महापेक्स’सारख्या राज्यस्तरीय प्रदर्शनात संग्राहक, विक्रेते आणि परीक्षक एका छताखाली असतात. रत्नागिरी किंवा मालवणहून एकदाच मुंबई-पुण्याची खेप करायची असेल तर ती अशा वेळी करावी.

दाखवणे आणि विकणे

जाणकाराला आधी छायाचित्रे पाठवावीत, दोन्ही बाजूंची, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. अल्बम कोणाकडेही ठेवून येऊ नये. ठेवावाच लागला तर पानांची आणि तिकिटांची संख्या लिहून सहीची पोच घ्यावी. किमान दोघांना, शक्यतो तिघांना, एकमेकांचा आकडा न सांगता दाखवावे. ‘तुम्हीच काय ते द्या’ हे वाक्य टाळावे. एखाद्याने तुमच्या यादीतली दोनच तिकिटे चटकन उचलून बाकी ‘ठीक आहे’ म्हटले, तर ती दोन तिकिटे आणखी एकाला दाखवल्याशिवाय देऊ नयेत.

खरोखर मोठ्या मोलाचे तिकीट निघाले, तर त्याला तज्ज्ञ समितीचे प्रमाणपत्र घेण्याचा खर्च परवडतो. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती अशी प्रमाणपत्रे देते, आणि लिलावात प्रमाणपत्र असलेल्या तिकिटाला भाव वेगळा येतो. काही शेकड्यांच्या तिकिटासाठी हा खटाटोप करू नये. लिलावगृहाकडे देताना दलाली किती टक्के, छायाचित्र आणि विम्याचा खर्च कोणाकडे, तिकीट विकले गेले नाही तर परत कसे मिळेल, आणि किमतीची खालची मर्यादा कोणती, हे चार मुद्दे लेखी घ्यावेत.

विकायचे नसेल तर साठवण बदलावी. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या बाह्यांतून तिकिटे काढून काळ्या पानांच्या स्टॉकबुकात, म्हणजे तिकिटे खोचून ठेवण्याच्या वहीत, ठेवावीत. अल्बम आडवे रचून ठेवण्याऐवजी उभे ठेवावेत, म्हणजे दाबाने तिकिटे चिकटत नाहीत. पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे, सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि रंग बदलला की त्या बदलाव्यात. पत्रे वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत; त्या कागदातले आम्ल आणि शाई दोन्ही उतरतात. दरवर्षी पावसाळा सरल्यावर एकदा पाने उघडून हवा लागू द्यावी आणि नवे ठिपके आले आहेत का ते पाहावे.

विकायचे ठरले तर पैसे बँकेतून घ्यावेत, विकलेल्या वस्तूंची यादी छायाचित्रांसह जोडून पावती करावी, आणि वारस अनेक असतील तर त्या यादीवर सगळ्यांच्या सह्या आधी घेऊन ठेवाव्यात.